टेल टू हेड

आमच्या घरी जेवायला वाढायची सुरुवात शेवटून व्हायची. म्हणजे आधी आईचं ताट, मग आजीचं, मग ताईचं, मग माझं आणि सगळ्यात शेवटी अण्णांचं. वाढायलाही अण्णाच. नव्वदच्या दशकातल्या बारामतीत हे जरा विचित्रच होतं. पाहुणे आले की आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अण्णा मात्र निवांत सांगायचे, ‘‘टेलला आधी पोचलं पाहिजे. हेडला काय, मिळतंच.’’

अण्णा कालव्यावर इंजिनीअर होते. शाखा अभियंता. इंजिनीअर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर हिंजवडी, लॅपटॉप आणि गळ्यातलं आयकार्ड येतं. अण्णांकडे एक एम-एटी होती, एक बॅटरी आणि खिशात घामाने मऊ झालेला आवर्तनाचा कागद. दिवसभर पार इंदापूरच्या बाजूला फिरून हा माणूस रात्री माझं गणित घ्यायला बारामतीत हजर. आमच्या शाळेतलं एकही गॅदरिंग त्यांनी चुकवलं नाही. चिखलाच्या बुटांनी यायचे, ती गोष्ट वेगळी.

नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८५च्या सुमाराचा. वीरपासून निघतो, पुरंदर, बारामती करत इंदापूर तालुक्यात शिरतो. लांबी दीडशेहून जास्त किलोमीटर. वाटेत पाणी मुरतं आणि वाटेत ऊसही असतो. वरच्यांनी मनसोक्त घेतलं की खालच्या गावांना नुसती ओल. म्हणून शेवटच्या फाट्याला आधी पाणी द्यायचं आणि मग वर वर सरकत यायचं. हेच ते टेल टू हेड. ऐकायला सोप्पं आहे. पण पाणी आधी वरच्यांच्या दारावरून जातं, आणि तेव्हा त्यांची दारं बंद ठेवायची असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. आपल्या सोसायटीतली हजार लिटरची टाकी ३५ सेकंदांत भरेल. असं पाणी बांधाला घासून जात असताना ‘तुमचा नंबर नंतर’ हे कुणाला तरी सांगावं लागतं.

ही भानगड शंभर वर्षं जुनी. पुण्यात इंजिनीअर झालेल्या विश्वेश्वरय्यांनी १८९९ मध्ये दख्खनच्या कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत काढली. थोडक्यांनी भरपूर पाणी घेऊन जमिनी खराब करण्यापेक्षा ते जास्त गावांत वाटायचं, पिकं आलटून पालटून घ्यायची. त्यांचा फोटो अण्णांच्या टेबलाच्या काचेखाली असायचा. १५ सप्टेंबरला, अभियंता दिनाला, आमच्याकडे शिरा. गणपतीच्या बरोबरीने!

मग आला २००३चा उन्हाळा. दुष्काळ. मामाचा ऊस कालव्याला लागून. सख्खा मामा, आईचा एकुलता एक भाऊ. एका रात्री पाटकरी सायकलवरून घरी आला आणि दारात नुसताच उभा राहिला. साहेबांच्या मेहुण्याने कालव्यात पाइप टाकलाय, हे तो बिचारा कुठल्या तोंडाने सांगणार? अण्णांनी चपला घातल्या. मी एम-एटीवर मागे बसलो. चौदा वर्षांचा होतो, मला ती मजा वाटली होती.

मामा बांधावरच होता. ‘‘दाजी, दोन तासांचं काम आहे. ऊस जळतोय माझा.’’

‘‘दिसतंय मला,’’ अण्णा म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने फ्यूज काढला. बॅटरीच्या उजेडात पंचनामा लिहिला, मोटर जप्त केली. मामाने एकच विचारलं, ‘‘ताईला काय सांगू?’’ अण्णांनी उत्तर दिलं नाही.

आईला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. दूधवाल्याकडून.

मामाचा ऊस खरंच वाळला. तो आमच्याकडे यायचा बंद झाला, आईचं माहेर तुटलं. त्या भाऊबिजेला आई आरतीचं ताट घेऊन गच्चीवर गेली आणि तिने चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात ना, तसं. हे तीन वर्षं चाललं. अण्णा दरवेळी खाली अंगणात काहीतरी दुरुस्त करत बसायचे. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो. टेलच्या कुणा अनोळखी माणसाच्या ज्वारीसाठी माझ्या आईने का रडायचं, हा माझा साधा हिशोब होता. आज विचाराल तर मोटर काढली ते बरोबरच होतं, असं मी म्हणेन. पण पुढच्यासाठी मी त्यांना अजून पास केलेलं नाहीये.

आजी, म्हणजे आईची आई, गेली तेव्हा मामाने स्वतः फोन केला आणि येणं-जाणं सुरू झालं. आधीसारखं नाही. पण सुरू झालं.

अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात पोळ्या लाटता लाटता मी आईला विचारलं (हो, मी लाटतो), ‘‘तुला राग नाही आला कधी?’’

‘‘आला की. अजून येतो.’’

‘‘मोटर काढली म्हणून?’’

‘‘नाही रे. ती काढायलाच हवी होती. मला उठवायला हवं होतं त्यांनी. मी आले असते बांधावर. माझ्या भावाला मी सांगितलं असतं.’’

मग ती हसली. म्हणाली, ‘‘कळलं होतं त्यांना. म्हणून तर रोज सांगायचे.’’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. त्या उन्हाळ्यानंतर अण्णा रोज रात्री जेवणं झाली की आईजवळ ओट्यापाशी उभे राहून दिवसभराचं सगळं सांगायचे. कुठल्या फाट्याला किती क्युसेक सोडलं, सणसरला कोण भांडलं, लासुर्ण्याला कुणाचा सात नंबरचा फॉर्म राहिला. रिटायर होईपर्यंत एकही रात्र चुकली नसेल. ताई आणि मी कंटाळून टीव्हीचा आवाज मोठा करायचो. आई भांडी पुसत ऐकायची, मधेच एखादा प्रश्न विचारायची. आम्हाला वाटायचं, अण्णांना ऑफिस डोक्यातून काढता येत नाही.

आई बारामतीतच राहते. पुण्याला ये म्हटलं की टाळते. आवर्तन सुटलं की संध्याकाळी पुलापर्यंत चालत जाते, कठड्यावरून वाकून बघते आणि मला फोन करते. मी बहुतेक वेळा मीटिंगमध्ये असतो. तरी उचलतो.

‘‘पाणी आलं रे,’’ ती सांगते. ‘‘पण अजून गढूळ आहे. टेलला पोचायला वेळ लागेल.’’