दमानं घे, राव!

रात्रीचे पावणेतीन वाजले होते आणि मी ग्रुपवर मेसेज टाकला, ‘आर्टेटाला आजच्या आज नारळ द्या!’ डिसेंबर २०२० मधली गोष्ट. तारीख लंडनला १३, आपल्याकडे १४. रविवार संपून सोमवार सुरू झालेला. आर्सेनल घरच्या मैदानावर बर्नलीकडून १-० हरलं होतं. तेही कसं? आमच्या ग्रॅनिट झाकानं समोरच्याचा गळा धरला आणि रेड कार्ड घेऊन बाहेर गेला. मग आमच्याच कॅप्टननं, ऑबामेयांगनं, हेडर मारून बॉल आपल्याच जाळ्यात घातला. लीगमध्ये घरच्या मैदानावरचा सलग चौथा पराभव. असं म्हणे १९५९ नंतर पहिल्यांदाच झालं होतं. धन्य!

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिकेल आर्टेटा हा आमचा जुना खेळाडू आणि कॅप्टन. नंतर मँचेस्टर सिटीत ग्वार्डिओलाच्या हाताखाली असिस्टंट. डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलनं त्याला थेट मॅनेजर केलं. वय ३७ आणि त्याआधी एकाही टीमचा मॅनेजर म्हणून अनुभव शून्य. ज्या खुर्चीवर आर्सेन वेंगर २२ वर्षं बसले, तिथे हा! पहिल्याच सीझनमध्ये त्यानं एफए कप जिंकून दिला हे खरं, पण फॅनची मेमरी ती केवढी? चार महिन्यांत आम्ही कप विसरलो.

आता गंमत बघा. त्याच सोमवारी सकाळी दहा वाजता माझा रिव्ह्यू कॉल होता. मी टीम लीड होऊन जेमतेम महिना झाला होता. हाताखाली सात जण, त्यातले तिघं माझ्याहून मोठे. शुक्रवारी संध्याकाळी, ‘होईल रे सगळं’ म्हणत मी रिलीज टाकली होती. (शुक्रवारी रिलीज टाकू नये हे कँटीनच्या पोऱ्यालाही माहीत असतं.) शनिवारी क्लायंटची साइट झोपली. शनिवार-रविवार आख्खी टीम घरून जागली आणि त्यात मी एका मुलावर सगळ्यांदेखत ओरडलो. त्याची चूक नसताना.

कॉलवर साहेबांनी विचारलं, ‘काय झालं नेमकं?’ मी तोंड उघडणार, तोच टीममधल्या सगळ्यात सीनियर मॅडम बोलल्या. पंधरा वर्षं टेस्टिंगमध्ये घालवलेल्या. खरं तर लीडची जागा त्यांचीच होती असं अर्धं ऑफिस म्हणायचं. म्हटलं, झालं, आता आपला निकाल लागला. त्या एवढंच म्हणाल्या, ‘टेस्टिंगला दिवस कमी पडले, सर. पुढच्या वेळी आम्ही जास्त ठेवू.’

आम्ही!

दुपारी त्यांचा फोन आला. ‘हे बघ, मी तुला अजून तीन रिलीज देते. तोवर वर जाऊन काही बोलणार नाही. पण दर वेळी विचारणार, या वेळी काय बदललंस? आणि त्या मुलाला आधी सॉरी म्हण.’ मी ‘हो मॅडम’ म्हणालो. फोन ठेवल्यावर रात्रीचा तो मेसेज आठवला. डिलीट करायला गेलो, पण वेळ निघून गेली होती. खाली अठरा जणांचे अंगठे होते.

२६ डिसेंबरला चेल्सीशी मॅच. आर्सेनल तेव्हा पंधराव्या नंबरवर. रूमपार्टनर चेल्सीचा कट्टर, त्यामुळे त्या रात्री आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये भारत-पाकिस्तानचं वातावरण. आर्टेटानं टीममध्ये वीस वर्षांचा स्मिथ रो, एकोणीस वर्षांचे साका आणि मार्टिनेली अशी पोरं उतरवली. ३-१ जिंकलो! मॅडमच्या भाषेत, काहीतरी बदललं होतं.

त्या रात्री हरलेला मॅनेजर होता फ्रँक लॅम्पार्ड. चेल्सीचा लाडका खेळाडू. मॅनेजर म्हणून तोही नवखाच, आधी फक्त एक सीझन डर्बीत काढलेला. त्याला बरोबर तीस दिवसांनी काढलं. मी रूमपार्टनरला ऐकवलं, ‘तुम्हा लोकांना धीरच नाही!’ आणि मे २०२१ मध्ये त्याच चेल्सीनं नव्या मॅनेजरच्या, टुखेलच्या हाताखाली चॅम्पियन्स लीग जिंकली. आम्ही आठवे. सलग दुसऱ्यांदा. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच युरोपातल्या एकाही स्पर्धेत आम्ही नव्हतो. रूमपार्टनरनं पेढे आणले आणि पहिला मला भरवला. ‘सांग ना, अजून सहा महिने दिले असते तर लॅम्पार्डनं हा कप आणला असता?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. वेळ दिला की माणूस तयार होतोच, अशी गॅरंटी कोण देणार?

ऑगस्ट २०२१ मध्ये तर कहर झाला. ब्रेंटफर्डकडून २-०, चेल्सीकडून २-०, सिटीकडून ५-०. तीन मॅच, गोल शून्य, खाल्ले नऊ, वीस टीममध्ये विसावे. ग्रुप पेटला होता. मी मात्र पहिल्यांदाच टाइप न करता नुसता बघत बसलो. काय बदललंय? ओडेगार्डला कायमचं विकत घेतलं होतं. रॅम्सडेल नावाचा गोलकीपर आणला होता, जो लागोपाठ दोन वर्षं दोन वेगवेगळ्या क्लबांबरोबर खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला होता. मीही हसलो होतो, खोटं कशाला बोला. पण सगळी खरेदी तरुण पोरांचीच होती. म्हणजे हा माणूस उद्याच्या मॅचपुरता विचार करत नव्हता. क्लबनं त्याला ठेवला. त्या सीझनला पाचवे, पुढच्या सीझनला ८४ गुणांसह दुसरे, त्यानंतर ८९ गुण आणि पुन्हा दुसरे! सिटीच्या दोनच गुण मागे. रूमपार्टनर म्हणाला, ‘कप कुठाय?’ तेही बरोबरच.

माझं म्हणाल तर दुसरी रिलीजही लडखडली. तिसरी बुधवारी टाकली आणि गुरुवारी कोणाचाच फोन आला नाही. मॅडमनी मेसेज केला, ‘काय बदललंस?’ मी लिहिलं, ‘वार.’ त्यांनी हसरा चेहरा पाठवला. पुढच्या वर्षी त्या दुसऱ्या कंपनीत गेल्या, लीड म्हणून.

आता माझ्या हाताखाली दोन टीम आहेत. गेल्या महिन्यात एका मुलीला लीड केलं. सव्वीस वर्षांची, हुशार, आणि पहिल्याच रिलीजला तिनं माती खाल्ली. साहेबांना पाठवायचा मेल मी लिहून ठेवलाय. तिच्या जागी कोण, हेही त्यात आहे. तो अजून ड्राफ्टमध्ये पडून आहे. परवा तिची दुसरी रिलीज आहे. तिनं वार कुठला ठेवलाय, ते मी अजून विचारलेलं नाही.