होडीची सांगड

'सांगड घालणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. घर-नोकरीची सांगड, जुन्या-नव्याची सांगड. पण मूळची सांगड पाण्यातली! दोन डोणी एकमेकींना बांधून केलेलं तरण, किंवा पोहणाऱ्याने अंगाला बांधायचे वाळके भोपळे. आमच्या लहानपणी विहिरीत पोहायला शिकायचं ते भोपळा बांधूनच. ट्रकच्या ट्यूबा नंतर आल्या.

हे सगळं आठवलं भाच्यामुळे. शहापूर-मुरबाड म्हणजे धरणांचा मुलूख. तानसा १८९२चं, मोडकसागर १९५७चं, मग भातसा, मुरबाडकडे बारवी. पाणी जातं शहरांकडे, आणि पाड्यावरच्या माणसाला समोरच्या काठावर जायला भला मोठा वळसा. म्हणून भाच्याने ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होडी करून घेतली. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, काठ फूटभर उंच. पिण्याच्या पाण्यात पेट्रोल सांडायला नको म्हणून बॅटरीवरची मोटर. (एवढं शहाणपण त्याला कुठून आलं देव जाणे, पण आलं खरं.)

आता मोटर मागे, बॅटरी मागे, चालवणारा मागे. दोघं बसली की होडीचं तोंड आभाळाकडे आणि मागचा काठ पाण्याच्या वर जेमतेम चार बोटं! आणि याला पावसाळ्यात शाळेची पोरं न्यायची होती.

"आत्या, मागे दोन बंद डबे लावतो. उचलतील ना गं?"

मी मराठीची बी.ए. पण खेड्यातल्या शाळेत विज्ञानही माझ्याच गळ्यात होतं, त्यामुळे आर्किमिडीज काही पाठ सोडत नाही. कागद घेतला. डबा ४० बाय ३५, उंची ३० सेंटिमीटर, म्हणजे ४२ लिटर. पूर्ण बुडाला तर ४२ किलो उचलणार. दोन मिलिमीटर पत्र्याच्या डब्याचं स्वतःचं वजन चारेक किलो. उरले ३८, दोघांचे ७६. भाचा खूश!

"अरे, पण डबा काठाएवढाच उंच. तो पूर्ण बुडेल तेव्हा होडीत पाणी शिरलेलं असेल. अर्धा बुडाला असं धर." मग २१ वजा ४, म्हणजे १७. दोघांचे ३४. तो जरा गप्प झाला.

डब्यांचा तळ होडीच्या तळाला समपातळीत, मधल्या जागेत मोटर. फॅब्रिकेटरने आर्गॉन वेल्डिंग केलं. झाकण लावायच्या आधी पाणी भरून रात्रभर ठेव म्हटलं, तर सकाळी एका कोपऱ्याला ओल! तिथे पुन्हा वेल्डिंग. आत थर्माकोल ठासायचा, म्हणजे उद्या पत्रा फाटला तरी पाण्याला जागाच नाही. तो थर्माकोल हा सोल्यूशनने चिकटवणार होता. आधी एका तुकड्यावर लावून बघ म्हटलं. तुकड्याला भोक पडलं, थर्माकोल विरघळला. शेवटी नुसताच घट्ट ठासला. झाकणाला वेल्डिंग केलं असतं तर उष्णतेने आतला थर्माकोल वितळला असता, म्हणून रिव्हेट मारून कडेने सिलिकॉन भरलं.

होडी पाण्यात घातली. तीच दोघं, तीच बॅटरी. मागचा काठ सहा-सात बोटं वर! माझा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, तोवर होडीला हातसुद्धा लावत नव्हते. ते त्या दिवशी काठावर येऊन उभे राहिले.

इथपर्यंत ठीक. मग भाचा म्हणाला, आता आठ पोरं बसतील. मी नाही म्हटलं. डब्यांनी मागची बाजू उचलली, होडी रुंद नाही झाली. तीन फुटांच्या होडीत पोरं मासा बघायला एका बाजूला वाकली की झालं! चालवणारा धरून चार जणं, आणि प्रत्येकाच्या अंगात जॅकेट.

"आत्या, तू बसून बघ तरी. तुला शाळेतलंच गणित दिसतं."

आठ दिवस फोन नाही. मीही केला नाही.

काल फोटो आला. होडीच्या कुशीला लाल रंगात लिहिलंय, 'फक्त ४ माणसं'. जॅकेटं दोनच आलीत. उरलेली दोन, लहान मापाची, मी इथून पाठवतेय. शाळा सुरू व्हायच्या आत पोचायला हवीत.