भाकरीचे स्थलांतर

मराठी साहित्यात भुकेचे रूप बहुधा भाकरीच्या आधारे साकारते. नारायण सुर्वे यांच्या कवितेत कामगाराचे आयुष्य भाकरीच्या विवंचनेत सरते. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) भाकरीबरोबर गावाने लादलेले लाचारपणही पदरात पडते. भाकरी असली की जगणे, नसली की उपासमार, याच समीकरणाने आम्ही भूक वाचत आणि शिकवत आलो. नाशिकमध्ये राहताना मात्र हे समीकरण अपुरे वाटू लागते.

हा जिल्हा द्राक्षांचा, कांद्याचा, भाजीपाल्याचा. पंचवटीच्या बाजार समितीत संध्याकाळी पालेभाज्यांचे लिलाव होतात आणि मेथी-कोथिंबिरीच्या गाड्या रातोरात मुंबईच्या वाटेला लागतात. याच शहरातल्या रोजंदारीवरच्या माणसाचा बाजार मात्र वेगळा असतो. काम सुटल्यावर, दिवस मावळताना, जे उरले त्याचे स्वस्तात लावलेले वाटे तो घेतो. ताजेपणालाही वेळ लागतो, आणि वेळ त्याच्याजवळ नसतो.

अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकास महिन्याला ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. याचे मोल कमी लेखणे भरल्या पोटालाच परवडेल. तथापि हे धान्य म्हणजे मुख्यतः गहू आणि तांदूळ. डाळ, भाजी, दूध, फळ यांचा भार मजुरीवरच पडतो, आणि मजुरी अपुरी पडली की प्रथम ताटातली भाजी जाते. अशा घरात पोट रिकामे नसते. तरीही अंगी रक्त भरत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या डोंगरउतारांवर नागली पिकते. तिथली माणसे मजुरीसाठी नाशिककडे आणि द्राक्षांच्या पट्ट्यात उतरतात. इकडे नागलीची बिस्किटे कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या दुकानांत सुबक वेष्टनात विराजमान होतात. २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, तेव्हा ज्वारी-बाजरी-नागलीचे गुण नव्याने गायिले गेले. एकेकाळी गरिबाची खूण असलेली भाकरी आता सुस्थितांचा आहारनियम झाली आहे; गरिबाच्या वाट्याला रेशनच्या गव्हाची चपाती, नाक्यावरचा वडापाव आणि चहात बुडवलेले बिस्किट उरले आहे.

म्हणून वर्गात सुर्वे वाचताना एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते: ही भाकरी कोणत्या धान्याची, ते कोणाच्या शेतात पिकले, आणि आज ती कोणाच्या ताटात आहे? असे वाचल्याने जुनी कविता शिळी होत नाही. तिच्यातली भाकरी केवळ पोटापुरती कधीच नव्हती. माणूस म्हणून जगण्याचा हक्क तिच्यात गृहीत होता. तो हक्क ५ किलो धान्याने पुरा होत नाही. पोट भरलेले आणि अंग वाळलेले अशा माणसाची भूक मराठी लेखनात अजून पुरेशी उतरलेली नाही. ती लिहिणारा विद्यार्थी कदाचित त्याच वस्तीतून आमच्या वर्गात येऊन बसला असेल.