उष्णतेच्या वाटा

फोक्सवॅगनच्या जुन्या टाइप 2 व्हॅनमध्ये रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. हिचे उत्पादन 1950 मध्ये जर्मनीत वोल्फ्सबुर्गला सुरू झाले, 1956 पासून ती हानोफरला बनू लागली आणि ब्राझीलमध्ये हवेने थंड होणाऱ्या इंजिनासह 2005 पर्यंत बनत राहिली. एवढ्या काळात बहुतेक व्हॅनच्या मागच्या कप्प्यात एकाच घराण्याचे इंजिन बसले: दोन्ही बाजूंना दोन-दोन असे आडवे पहुडलेले चार सिलिंडर आणि वर पत्र्याच्या घरात फिरणारा पंखा. पहिले इंजिन 1131 घनसेंटिमीटरचे आणि 25 अश्वशक्तीचे होते. पुढे आलेल्या ‘1600’ मध्ये ते 1584 घनसेंटिमीटरपर्यंत वाढले. आतली उष्णता बाहेर काढायला त्याच्याजवळ दोनच साधने आहेत, हवा आणि तेल. म्हणून असे इंजिन पुन्हा बांधताना प्रत्येक सुट्या भागाला एकच प्रश्न विचारावा लागतो: उष्णतेला इथून पुढे वाट आहे का?

इंजिन उतरवणे हा त्यातला सोपा भाग. गिअरबॉक्सशी ते चार बोल्टांनी जोडलेले असते. पेट्रोलची नळी, ॲक्सिलरेटरची केबल, विजेच्या तारा आणि हीटरच्या नळ्या सोडवल्या की जॅकवर तोलून ते मागे सरकवतात आणि अलगद खाली घेतात. उघडण्याआधी फ्लायव्हील दोन्ही हातांनी पुढेमागे ओढून पाहायचे असते. क्रँकला लांबीच्या दिशेने 0.07 ते 0.13 मिलिमीटर इतकीच चाल हवी. हाताला ठोका जाणवला, तर आतली झीज किती खोल असेल याचा अंदाज तिथेच येतो.

मग वर्षानुवर्षांचे तेल आणि धूळ यांचा थर धुऊन काढायचा. सिलिंडरभोवतीच्या बारीक पात्यांमध्ये तो घट्ट बसतो आणि पात्यांना हवेपासून तोडतो. पाते उघडे पडले की त्याचे काम पुन्हा सुरू होते. धुतलेला प्रत्येक भाग स्वच्छ कापडावर ओळीने, ज्या बाजूचा त्या बाजूला मांडून ठेवतात, कारण कुठला भाग कसा झिजला आहे यावरून इंजिनाचा सगळा इतिहास वाचता येतो.

या इतिहासाचे मुख्य पान म्हणजे क्रँककेस. ती मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असते आणि मधोमध उभी दुभागलेली असते. मॅग्नेशियम हलके आहे, पण उष्णतेने मऊ पडणारे. सतत तापून आणि ठोके खाऊन मुख्य बेअरिंगच्या बैठका लंबगोल होतात, आणि हेड धरणाऱ्या पोलादी स्टडचे आटे केसमधून उपटून येतात. बैठका एका रेषेत पुन्हा बोअर करून मोठ्या मापाचे बेअरिंग घालता येतात; आट्यांच्या जागी पोलादी इन्सर्ट बसवता येतात. तडा गेलेली केस मात्र बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

जुळणी क्रँकपासून सुरू होते. क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि कॅम केसच्या डाव्या अर्धात बसवतात. कॅमच्या गिअरवरची एक खूण क्रँकच्या गिअरवरच्या दोन खुणांच्या मधोमध आली पाहिजे. एक दात जरी चुकला तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतील. बेअरिंगमधली भोके केसमधल्या खुंट्यांवर नेमकी बसली की दोन्ही अर्ध मिटवायचे. त्यांच्यामध्ये गॅस्केट नसते, फक्त सीलंटचा पातळ लेप. नट थोडे आवळायचे, क्रँक हाताने फिरवून पाहायचा, पुन्हा थोडे आवळायचे. कुठे अडल्यासारखे वाटले तर सगळे उघडून कारण शोधायचे. जोर लावून अडचण मिटत नाही. शेवटी फ्लायव्हीलच्या आत तीन पातळ शिम घालून ती लांबीची चाल ठरवतात आणि मधला मोठा नट सुमारे 300 न्यूटन-मीटरने घट्ट करतात.

पुढची पायरी पिस्टन आणि सिलिंडर. पिस्टनवरचा बाण फ्लायव्हीलकडे, रिंगांच्या फटी एकमेकींपासून दूर. लोखंडी सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचे हेड यांच्यामध्येही 1600 इंजिनात गॅस्केट नसते, म्हणून दोन्ही कडा निर्दोष लागतात. प्रत्येक हेडला आठ स्टड. त्यांचे नट ठरलेल्या क्रमाने, आधी हलके आणि मग पूर्ण, टॉर्क पान्याने आवळतात. 10 मिलिमीटरच्या स्टडसाठी माप 32 न्यूटन-मीटर. हेडला व्हॉल्व्हच्या सीट आणि प्लगचे भोक यांच्यामध्ये तडा जातो, तो भिंगाने शोधावा लागतो. व्हॉल्व्ह नवे असलेले बरे, निदान एक्झॉस्टचे तरी. जुन्या रचनेत तेलाचा कूलर पंख्याच्या घरात तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेतच उभा असे. त्यामुळे तो सिलिंडर सर्वांत जास्त तापे आणि त्याचाच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बहुधा आधी तुटे. 1971 च्या मॉडेलपासून कूलरला स्वतंत्र कोनाडा आणि हवेची स्वतंत्र वाट मिळाली.

यानंतर येतात पत्रे, आणि इथेच पुष्कळ चांगली कामे वाया जातात. कौलारू घराच्या पन्हळी पावसाचे पाणी जसे हवे तिथे नेऊन सोडतात, तसे हे पत्रे पंख्याची हवा पात्यांमधून नेऊन खाली सोडतात. सिलिंडरखालचे छोटे पत्रे हेडशेजारच्या पात्यांशी हवेला वळवतात. ते बिनकामाचे समजून काढून टाकले, तर हवा थंड न करताच निसटते. कप्प्याच्या कडेची रबरी पट्टी वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा यांना वेगळे ठेवते. थर्मोस्टॅट साधारण 65 ते 70 अंशांवर फुगून झडपा उघडतो, म्हणजे थंड इंजिन लवकर तापते आणि तापलेल्याला भरपूर वारा मिळतो. एकही पत्रा, एकही स्क्रू, एकही पट्टी यांतली अनावश्यक नाही.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी अडीच लिटर तेल भरून, प्लग काढून, दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन नुसते स्टार्टरवर फिरवतात. कॅम आणि टॅपेट नवे असतील तर सुरुवातीची वीस मिनिटे ते मिनिटाला सुमारे 2000 फेऱ्यांवर ठेवायचे, म्हणजे त्यांचे पृष्ठभाग एकमेकांना सरावतात. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर व्हॉल्व्हची फट 0.15 मिलिमीटर करायची. त्या तेलाला गाळायला तारेच्या जाळीशिवाय काही नाही, म्हणून पहिले तेल लवकर काढायचे आणि पुढे दर 5000 किलोमीटरला बदलायचे. पंखा जनरेटरच्याच दांड्यावर फिरतो. धावताना जनरेटरचा लाल दिवा लागला तर पट्टा तुटला असे समजून तिथेच थांबायचे. मोजून बांधलेले, सगळे पत्रे जागच्या जागी असलेले आणि तेल वेळेवर मिळणारे हे इंजिन भर उन्हातल्या घाटातही पाण्यावाचून चालते.