गाळलेल्या जागा

२०२४ साली १४ फेब्रुवारीला वसंत पंचमी आली होती. रथसप्तमीला अजून दोन दिवस होते, त्यामुळे सोसायटीतली हळदीकुंकवं संपायची होती. त्या संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावर एक होतं. नव्या सुनेभोवती बायकांचा घोळका आणि एकच गिल्ला, ‘नाव घे, नाव घे!’ तिने हातातलं वाण खाली ठेवलं, मोबाइल काढला, अंगठ्याने दोनदा वर सरकवलं आणि उखाणा वाचून दाखवला. चांदीचं ताट होतं, जाईची वेल होती, आणि यमकाच्या आधी नवऱ्याचं नाव. नवरा ऑफिसात. त्याला तिने सकाळीच एक लाल बदाम आणि कुणाच्या तरी चार ओळी पाठवल्या होत्या. त्या तिने मलाही दाखवल्या. खाली व. पु. काळ्यांचं नाव होतं.

आता व. पुं.चं नाव हा काही पुरावा नव्हे. फेब्रुवारीत प्रेमावरचं वाक्य फिरत फिरत आलं की हळवं असेल तर व. पु., खट्याळ असेल तर पु. ल. आणि भारदस्त असेल तर कुसुमाग्रज, अशी वाटणी ठरून गेली आहे. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस येतो २७ तारखेला. तोवर बिचाऱ्यांच्या नावावर न लिहिलेलं बरंच काही जमा झालेलं असतं.

पण उसन्या ओळींचा मला राग नाही. उखाणा उसनाच की. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही या दंडकातून बायकांनी काढलेली ती वाट. तिच्यावर कवीची सही नसते. बाजारात मिळणाऱ्या पुस्तिकेत तो छापलेला असतो तेव्हा ताट, वेल, महादेवाची पिंड सगळं जागच्या जागी असतं, फक्त मधे चार टिंबं आणि पुढे ‘रावांचं’. शाळेच्या पेपरात पहिला प्रश्न असायचा, गाळलेल्या जागा भरा, तसं. त्या चार टिंबांवर येताना बाईचा आवाज जरासा खाली उतरतो. बाकीचा उखाणा कुणीही म्हणावा.

सातवाहन राजा हाल याने कोटभर गाथांमधून सातशे निवडल्या, असं ‘गाथासप्तशती’तच म्हटलेलं आहे. स. आ. जोगळेकरांचं १९५६ सालचं जाडजूड पुस्तक मी वाचनालयातून आणलं होतं, ते दोनदा मुदत वाढवून घेतली तरी संपलं नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या त्या दोन-दोन ओळी. त्यात बोलतात त्या बहुतेक गावातल्या बाया, आणि त्या सरळ कधी बोलत नाहीत. एक जण वाटसरूला सांगते, इथे सासू झोपते, इथे मी, रात्री अंधारात धडपडू नकोस. एवढंच. बाकीचं त्याने समजून घ्यायचं. इतक्या जुन्या काळीसुद्धा आमच्या भाषेत प्रेमाची मुख्य गोष्ट गाळलेल्या जागेतच ठेवायची पद्धत होती, हे वाचून मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

कॉलेजात असताना मी स्वतः हा उसनवारीचा धंदा केला आहे. नव्वदचं दशक, चारोळ्यांचे दिवस. चंद्रशेखर गोखल्यांचं ‘मी माझा’ वर्गात हातोहात फिरायचं. माझं अक्षर बरं, म्हणून मुलं मला कार्डं आणून द्यायची, आणि मी जांभळ्या शाईने चारोळी उतरवून द्यायची. मजकुराचे पैसे नाहीत, पण कँटीनचा वडापाव ठरलेला. एका फेब्रुवारीत एकच चारोळी मी तिघांना लिहून दिली आणि त्यातली दोन कार्डं एकाच मुलीकडे गेली. तिने दोन्ही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, ‘तुझंच अक्षर आहे. आता यातलं कोण काय म्हणतंय ते तूच सांग.’

सांगण्यासारखं काही नव्हतंच. दोघांनीही टिंबं भरली नव्हती.

आईची गाण्यांची वही मात्र वेगळी. दोनशे पानी, निळ्या कापडाचा कणा, कडेला हळदीचं बोट. आकाशवाणीवर ‘आपली आवड’ लागायचं. अमुक गावाहून अमुक, अमुक, बंटी आणि परिवार अशी नावांची माळ संपली की गाणं. आई एका हाताने पोळी उलटायची आणि दुसऱ्या हाताने ओट्यावर ठेवलेल्या वहीत लिहायची. खरखर आली, कुकरची शिट्टी झाली की ओळ सुटायची. तिथे ती टिंबं द्यायची. गाणं पुन्हा लागेल तेव्हा जागा भरायची. कधी आठवड्यात, कधी वर्षात.

बाबा कोर्टात कारकून. टाकाने लिहायची सवय, ‘ल’ला मागे लांब शेपूट. प्रेम वगैरे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. त्या वहीत एका पानावर, तिन्हीसांजेला वाट बघणाऱ्या बाईच्या गाण्यात, दुसऱ्या अंतऱ्यातली टिंबं त्यांच्या अक्षरात भरलेली आहेत. त्या ओळीत ‘साडेसहा’ असा शब्द आहे. लहानपणी मी ते गाणं तसंच म्हणायचे. तालात दोन मात्रा जास्त व्हायच्या, तिथे घाई करायचे.

बाबा गेल्यावर एकदा ते गाणं यूट्यूबवर सापडलं. दुसरा अंतरा आला, आणि साडेसहा नव्हतेच. मराठी भावगीतांत चंद्र उगवतो, दिवे लागतात, पण घड्याळ कुणी बघत नाही. मी पुन्हा लावलं. साडेसहाला बाबा कोर्टातून आले की आमच्या फाटकाची कडी वाजायची, ती मला तेव्हा कुठे आठवली.

आईला गाणं ऐकवलं. म्हटलं, अगं, बाबांनी चुकीची ओळ लिहिलीय.

आई शेंगा सोलत होती. ‘ठाऊक आहे मला,’ ती म्हणाली. ‘पुढच्याच आठवड्यात लागलं होतं की ते रेडिओवर.’