वाळूची साक्ष

आपल्या बीड जिल्ह्यात वाळू मोजली जाते ती ब्रासमध्ये. गोदाकाठचे ढीग आणि हायवांच्या रांगा पाहणाऱ्याला एकेका कणाचा विचार सुचत नाही. राक्षसभुवनच्या पात्रातील चिमूटभर वाळू मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा काळ्या पाषाणाचे तुकडे आणि गारगोटीचे अर्धपारदर्शक कण वेगळे दिसू लागले. नाशिकपासून येथवर गोदावरी काळ्या पाषाणाच्याच प्रदेशातून वाहते, हे त्या कणांनी सांगितले.

कणाच्या पृष्ठभागावर प्रवासाच्या खुणा राहतात. पाण्यातून आलेल्या कणाच्या कडा बोथट होतात, वाऱ्याने उडवलेला कण गोलसर व धुरकट होतो. हिमस्तराखाली भरडलेल्या कणावर मात्र तीक्ष्ण कडा आणि शिंपल्यासारखे वक्र भंग दिसतात. हिम आपल्यालाही परके नाही. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमाने खडकावर ओढलेले ओरखडे आढळतात.

भाषेच्या अभ्यासकाला ही रीत ओळखीची वाटते. संस्कृत ‘वालुका’ लोकांच्या तोंडी झिजत ‘वाळू’ झाली. ‘क’ गळला, ‘ल’चा ‘ळ’ झाला. ग्रंथांतून थेट उचललेल्या ‘वालुकामय’ या शब्दाच्या कडा मात्र शाबूत राहिल्या. झीज हीच शब्दाच्या वाटचालीची साक्ष होय.

परंतु ही साक्ष ठिकाणासकटच ग्राह्य ठरते. १९६६ मध्ये ग्रीनलंडच्या कॅम्प सेंच्युरी येथे सुमारे १,३९० मीटर बर्फ भेदून तळाची वाळूमिश्रित माती काढण्यात आली. ती अनेक दशके शीतपेटीत विस्मृतीत पडून होती. २०१७ मध्ये ती कोपनहेगनमध्ये पुन्हा सापडली; पुढील तपासणीत तिच्यात काटक्या आणि शेवाळ आढळले. सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी तेथे बर्फ नव्हता, म्हणजे तो पुन्हाही वितळू शकतो, हे त्यातून उमगले. कोणत्या जागेची, किती खोलीवरची माती, ही नोंद नसती तर तो केवळ चिखल ठरला असता.

गोदापात्रातून उपसलेली वाळू भिंतीत जाते, तेव्हा तिची साक्ष संपते. वृद्धांसोबत बोलीतील शब्दही असेच जात आहेत. म्हणून क्षेत्रकार्यात एखादा शब्द टिपताना त्याच्या अर्थाबरोबर गाव, बोलणाऱ्याचे वय आणि प्रसंग अवश्य लिहावा. पुढच्या अभ्यासकाला त्या शब्दाशी बोलता येईल ते या नोंदीमुळेच.