बांधाबांध

प्रत्येक धंद्याची एक ठरावीक सबब असते. शिंपी म्हणतो, “फक्त काजंबटणं राहिलीत.” दिवाळी अंकाचा लेखक म्हणतो, “लेख कालच टाकला टपालात.” आणि प्रोग्रॅम लिहिणारा म्हणतो, “माझ्या यंत्रावर तर चालतंय!”

आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या आज्यांकडून बोलीतले शब्द गोळा केले. ते साऱ्यांना पाहता यावेत म्हणून माझ्या कन्येने संकेतस्थळ रचले. तिच्या यंत्रावर ते सुरेख चाले. दुसऱ्याच्या यंत्रावर रुसून बसे. कुठे पायथॉनची आवृत्ती जुनी, कुठे एखादी लायब्ररी गैरहजर! तेव्हा तिने यादी केली : अमुक पायथॉन, तमुक लायब्रऱ्या, मग आपला प्रोग्रॅम आणि शेवटी तो सुरू करण्याची आज्ञा. या यादीवरून ‘इमेज’ बनते. ती चालू केली की तिला म्हणायचे ‘कंटेनर’. २०१३ साली आलेल्या ‘डॉकर’ने ही रीत घरोघर नेली.

नाव बंदरातले आहे. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. आत काय आहे, हे क्रेनने विचारण्याचे कारण उरले नाही. मला मात्र आईची पत्र्याची ट्रंक आठवली. वडिलांची नोकरी बदलीची. नव्या गावी ती ट्रंक प्रथम उघडे. स्टोव्ह, काडेपेटी, चहासाखर, गाळणे, सारे तीत! शेजारी काही न मागता पहिला चहा होई.

ही पेटी मग ‘क्लाउड’वर, म्हणजे भाड्याच्या जागेत जाते. ढग हे आपले म्हणायला. अमेझॉनच्या ढगाने २०१६ साली मुंबईतच जमिनीवर बिऱ्हाड थाटले. कोणत्या पोर्टवर हाक ऐकायची, तेवढे घरमालकाला कळवायचे.

“आणि शब्द पेटीतच राहणार?” मी विचारले.

“छे, बाबा! सुधारणा केली की जुनी पेटी काढून नवी ठेवतात. जुनीत लिहिलेलं तिच्याबरोबर जातं. शब्द बाहेर, डेटाबेसमध्ये.”

मी गप्प झालो. त्या आज्यांपैकी काही आज नाहीत. प्रोग्रॅम पुन्हा लिहिता येईल, पेटी पुन्हा बांधता येईल. पण ते शब्द पुन्हा विचारायचे कोणाला?

संकेतस्थळ सुरू झाले, तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मी एवढेच विचारले, “डेटाबेसची दुसरी प्रत कुठं आहे?” ती वेगळ्या जागी आहे, हे कळल्यावरच पेढा गोड लागला.